पंधरावी फेरी

वय झालं की झोप कमी होते. मग मी अंथरुणात पडल्यापडल्या एक सामना लावतो... विली पेप विरुद्ध साल्वादोर सांचेझ! दोघेही फेदरवेट, म्हणजे १२६ पौंडांच्या आतले जगज्जेते.

पेप अमेरिकेचा. पहिल्या ६२ लढती सलग जिंकला, १९४२ मध्ये जगज्जेता झाला. १९४७ च्या विमान अपघातात जबर जखमी होऊनही त्याच वर्षी पुन्हा रिंगणात उतरला. मी अपघाताआधीचा, १९४६ चा पेप घेतो. सांचेझ मेक्सिकोचा. तो जुलै १९८२ चा, अझुमा नेल्सनला पंधराव्या फेरीत हरवणारा.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हा रिकामटेकडेपणा झाला. असेल! पण बघा तरी. पहिल्या आठ फेऱ्या पेपच्या. ठोसा पोचेपर्यंत हा माणूस तिथे नसतोच. सांचेझ घाई करत नाही, समोरच्याच्या चुकीची वाट बघतो. दहाव्या फेरीपासून त्याचे ठोसे लागू लागतात.

पंधरावी फेरी मात्र मी कधी संपवत नाही. नेल्सनला हरवल्यावर महिन्याच्या आत, १२ ऑगस्ट १९८२ ला, सांचेझ मोटार अपघातात गेला. वय २३. पेप ८४ वर्षांचा होऊन २००६ मध्ये वारला. माझा धाकटा भाऊही तेविसाव्या वर्षी असाच रस्त्यावर गेला.

गुण मोजून निकाल लावणं मला अवघड नाही, जन्मभर तेच केलं. शाळेत घंटेवरच चाललो. ही एक घंटा मात्र मी वाजवत नाही.