नोटेवरचे जंतू आणि नाण्यावरचे पाणी

आमच्या एका वाईट सवयीपासून सुरुवात करतो. आमच्या उजव्या हाताचा अंगठा आजही आपोआप जिभेकडे जातो. एस.टी.त वाहक म्हणून आम्ही ३१ वर्षे काढली. एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच, काखेला पैशांची चामडी बॅग आणि गाडीत माणसावर माणूस. तिकिटाचे पातळ कागद एकमेकांना चिकटायचे, नोटाही चिकटायच्या. मग अंगठा जिभेवर टेकवायचा आणि कागद सुटा करायचा. दिवसातून किती वेळा, हे कोण मोजणार? ज्या नोटेला तो अंगठा लागायचा ती नोट कुणाच्या कनवटीतून, कुणाच्या चोळीतून, कुणाच्या बनियनच्या खिशातून घामाने ओली होऊन आलेली असायची. मटणाच्या दुकानातून आलेली नोट वासावरून कळायची. तरी अंगठा जिभेवर जायचाच. स्टँडवर गाडी पाच मिनिटे थांबली की त्याच हाताने वडापाव.

सन १९८८ साली आम्हाला कावीळ झाली. महिना-दीड महिना अंथरूण. शिल्लक रजा संपली, पुढची बिनपगारी झाली आणि घरातली पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले, "काम काय करता?" आम्ही सांगितले. त्यांनी आमचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "ही कावीळ स्टँडच्या पाण्यातून आली, की उघड्यावरच्या खाण्यातून, की या अंगठ्यावरून, हे मी सांगू शकत नाही. पण काविळीला आत यायला तोंड लागतं, आणि तुम्ही दिवसभर ते दार उघडं ठेवता." आम्हाला ते पटले. बरे झाल्यावर आठ दिवस अंगठा आवरला. नवव्या दिवशी गाडीला गर्दी होती.

आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. म्हणून तर ती इतक्या घड्या सोसते. पण कापूस ओल धरतो, तेल धरतो, मळ धरतो. दिल्लीच्या एका सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बाजारात फिरणाऱ्या दहा, वीस आणि शंभरच्या नोटा तपासल्या होत्या. त्यांचे काम २०१५ साली छापून आले. नोटांवर बुरशी सापडली, नाना तऱ्हेचे जिवाणू सापडले आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या खुणाही सापडल्या. त्याआधी २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी फ्लूचा विषाणू मुद्दाम नोटेवर सोडून पाहिला. नुसता विषाणू लवकर मरायचा. पण नाकाच्या शेंबडात मिसळून लावला तर एका जातीचा विषाणू १७ दिवसांपर्यंत टिकला. शिंकताना नाकाला लावलेला हात तसाच पैशांना लावणाऱ्या सर्वांनी (त्यात आम्हीही आलो) हे ऐकून ठेवावे.

शिवाय त्या काळी बँकेतून येणाऱ्या नोटांच्या गड्ड्यांना तारेच्या पिना मारलेल्या असायच्या. पिन उपटताना बोटात घुसायची, रक्त यायचे आणि बोट कुठे जायचे? तोंडात! रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना पिना मारणे बंद करून कागदी पट्टी लावायला सांगितले. हा हुकूम नोट स्वच्छ आणि धडधाकट राहावी म्हणून निघाला होता, पण वाहकांच्या आणि रोखपालांच्या बोटांनाही त्याने सुख दिले.

पण घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. जंतू नोटेवर सापडणे वेगळे आणि त्याने माणूस आजारी पडणे वेगळे. नोट खिशात आहे म्हणून ताप येत नाही. जंतूला हातावरून तोंडात, नाकात, डोळ्यांत किंवा अन्नात जावे लागते. वाटेत साबण आणि पाणी आडवे आले की बहुतेकांचा प्रवास तिथेच संपतो. एवढी साधी गोष्ट आम्हाला कळायला सत्तरी उलटावी लागली, आणि तीही भांडणातून कळली.

मे २०२० चा महिना. कोरोनाची टाळेबंदी. आम्ही गावातल्या किराणा दुकानात साखर आणायला गेलो. दुकानदाराने दारात बाकडे आडवे टाकले होते. आम्ही नोट पुढे केली तर त्याने हात मागे घेतला आणि लांब दांड्याचा डाव पुढे केला. "काका, यात टाका." नोट डावात पडली. त्याने ती डब्यात झटकली आणि उरलेली चिल्लर त्याच डावातून आमच्यापुढे धरली. आमच्या डोक्यात काय झाले कोण जाणे. साखर तिथेच टाकली, नाही नाही ते बोललो आणि थरथरत घरी आलो.

आम्हाला त्या डावाच्या जागी दुसरेच काहीतरी दिसले होते. धर्मांतराला वर्ष-दीड वर्ष झाले असेल. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, म्हणजे सन १९५७. आम्ही आईचा पदर धरून वाण्याच्या दुकानाला जायचो. आई पायरीच्या खाली उभी राहायची. नाणे पायरीच्या दगडावर ठेवून चार पावले मागे सरायची. मग तो तांब्यातले पाणी नाण्यावर शिंपडायचा, नाणे उचलून गल्ल्यात टाकायचा आणि मीठ-मिरची वरून आईच्या ओटीत सोडायचा. एकदा मजुरीची रुपयाची नोट आली होती. आईने ती दगडावर ठेवली. वाणी तांब्या घेऊन वाकला आणि थांबला. पाणी शिंपडले तर नोटेचा लगदा व्हायचा! तांब्या खाली ठेवून त्याने नोट तशीच कोरडी उचलली. घरी येताना आई खूप हसली. म्हणाली, "बघितलंस का रं, नाण्याला इटाळ हाय, नोटंला न्हाय." तिला अक्षरओळख नव्हती.

मसूरच्या मार्गावर आमची बरीच वर्षे ड्युटी होती. स्टेशनचा फाटा आला की आम्हाला बाबासाहेबांच्या लहानपणाची ती हकिकत आठवायची. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. मुलांशेजारी बसायला विटाळ होता, त्यांच्या हातचे दुप्पट पैसे घ्यायला नव्हता. आणि त्यांचे वडील रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यात होते कशावर? कॅशियरच्या जागेवर. सरकारी पैसा मोजण्याचे काम त्यांच्या हातात होते.

तर साखरेविना आम्ही घरी आलो. आमची नात तेव्हा नर्सिंगचे शिक्षण घेत होती आणि कॉलेज बंद असल्यामुळे घरीच होती. तिने सगळे ऐकून घेतले. आम्हाला वाटले, ती आमच्याबरोबर दुकानावर जाईल. ती म्हणाली, "आबा, उद्या तिथं बाजूला नुसते उभे राहा. डाव तुमच्यासाठीच आहे का सगळ्यांसाठी, ते बघा. आणि तो स्वतः हात धुतो का, तेही बघा."

दुसऱ्या दिवशी आम्ही समोरच्या चिंचेखाली तासभर उभे राहिलो. मोठ्या बागायतदाराचा मुलगा आला, त्यालाही डाव. गावचे पुजारी आले, त्यांनाही डाव. दुकानदाराचा सख्खा मेव्हणा मोटारसायकलवर आला, त्याने चेष्टेने हात पुढे केला, तरी डावच. दुकानदार मधूनमधून मागे जाऊन साबणाने हात धुवत होता. आम्ही घरी येऊन नातीला सांगितले. ती म्हणाली, "मग तो जंतूला भितो, माणसाला नाही. जंतूची भीती दोन्ही बाजूंनी असते, आबा. त्याच्यापासून तुम्हाला आणि तुमच्यापासून त्याला. विटाळ एकाच बाजूने जायचा. आणि जंतू साबणाने जातो." आम्ही दुकानदाराकडे गेलो, आदल्या दिवशीचे शब्द परत घेतले आणि साखर आणली. पुढे शास्त्रज्ञांनीच सांगितले की कोरोना मुख्यत: हवेतून पसरतो, वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका कमी. म्हणजे डावाचा उपयोग थोडाच झाला असणार. पण त्या दिवसांत ते कुणाला नक्की ठाऊक होते?

त्या काळात लोकांनी नोटा साबणाच्या पाण्यात बुडवल्या, इस्त्री केल्या, उन्हात वाळत घातल्या. आमच्या शेजाऱ्यांच्या नोटा तर तुकडे होऊन निघाल्या. नोट धुवू नये, हात धुवावेत. मळक्या, जीर्ण नोटा बँकेत बदलून मिळतात, त्यासाठी त्या बँकेत खाते असावे लागत नाही. वीस रुपयांपर्यंतच्या फाटक्या नोटेचा निम्म्याहून मोठा एकसंध तुकडा असेल तर नियमाप्रमाणे पूर्ण पैसे मिळतात. आपली माणसे काउंटरवर बोलायला बिचकतात आणि बाजारात कमी पैशांत फाटकी नोट देऊन टाकतात, म्हणून हे लिहिले.

मोठे काम घरात होते. आमचे कुटुंब निवृत्तीनंतर स्टँडजवळ पोहे-चहाची गाडी लावते. पोहे हाताने बशीत सारखे करायचे, त्याच हाताने पैसे घ्यायचे, हात पदराला पुसायचा आणि पुन्हा पोहे. नातीने सांगितले तर तिला राग आला. "वीस वर्षं गिऱ्हाईक खातंय, कुणी मेलं का?" नात काही बोलली नाही. तिने एका वाटीत पांढरे पाणी घेतले, त्यात पैसे घेतलेला आजीचा हात बुडवला आणि वाटी समोर ठेवली. पाण्याचा रंग बघून आजी गप्प झाली. आता गाडीवर चिल्लरीचा डबा आहे. गिऱ्हाईक स्वतः पैसे टाकते आणि उरलेले स्वतः उचलते. पोह्यांना चमचा, गाडीखाली पाण्याचा कॅन आणि साबणाची वडी. मोबाईलवर पैसे घ्यायचा चौकोनही चिकटवला आहे, पण सकाळची पहिली मंडळी अजून रोखच देतात. डब्यातून कुणी दोन रुपये जास्त उचलते का, असे आम्ही एकदा विचारले. "उचलत असंल," ती म्हणाली, "दवाखान्यापरीस स्वस्तच."

आम्हीही पाण्यात भिजवलेला स्पंज घेतला आहे, बँकेतल्यासारखा. दर महिन्याला पेन्शनच्या नोटा मोजताना तो समोर ठेवतो. तरी अंगठा मध्येच वर येतो. नात घरी असली की नुसती खोकते.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका हॉटेलात चहाला बसलो होतो. गल्ल्यावरचा मालक गिऱ्हाइकांच्या हातातून नोटा घेत होता, हातात सुट्टे देत होता. मग रस्ते झाडणाऱ्या दोन बाया आल्या. चहा त्यांना कागदी कपात आणि बाहेरच्या बाजूला. एकीने दहाची नोट पुढे केली तर मालक म्हणाला, "तिथं ठेव, टेबलावर. नोटांवर जंतू असतात." तिने काही न बोलता नोट ठेवली. ठेवताना दोन पावले मागे सरली, अगदी आमच्या आईसारखी.

आम्ही उठलो. आमची वीसची नोट तिच्या नोटेशेजारी ठेवली आणि म्हणालो, "आमच्याही नोटेवर जंतू आहेत. एस.टी.त ३१ वर्षे मोजल्यात, आम्हाला माहीत आहे. आता तुम्ही या दोन्ही नोटा उचला, नाहीतर सगळ्यांच्याच टेबलावर ठेवून घ्या."

हॉटेल गप्प झाले. मालकाने आमच्याकडे पाहिले, त्या बाईकडे पाहिले आणि दोन्ही नोटा उचलल्या. सुट्टे पैसे तिच्या हातावर ठेवले. आम्ही मोरीवर जाऊन हात धुतले. मागून ती बाईही आली आणि तिनेही धुतले. साबण एवढासा उरला होता, तो तिने आमच्याकडून घेतला.