बंद म्हटलं तरी चालूच

रात्री दोनला घामाने जाग आली. जानेवारीत, लेस्टरमध्ये, घाम! थर्मोस्टॅट 15 वर, टायमर बंद, तरी रेडिएटर चटके देत होते आणि स्वयंपाकघरात बॉयलर घुमत होता. शेवटी त्याचा भिंतीवरचा विजेचा स्विचच बंद केला.

सकाळपर्यंत मी थर्मोस्टॅटला शिव्या दिल्या. बिचारा निर्दोष निघाला. मुळात आमच्याकडे तो बॉयलरशी थेट बोलतच नाही. तो सांगतो गरम पाण्याच्या टाकीजवळच्या झडपेच्या मोटरला. झडप उघडली की तिच्या आतला चिमुकला स्विच दाबला जातो आणि नारिंगी वायरमधून बॉयलरला हुकूम सुटतो. मागणी संपली की स्प्रिंगने झडप मिटायची. ती अर्ध्यात अडकली किंवा स्विच चिकटला, तर बॉयलर इमानदार नोकरासारखा जुनाच हुकूम पाळत बसतो.

अशा झडपा दोन: एक गरम पाण्याची, एक हीटिंगची. दोन्हींच्या बाजूच्या दांड्या हलवून पाहिल्या. मिटलेल्या झडपेची दांडी ताण देते. गरम पाण्याची ताठ होती, हीटिंगची लुळी. सापडला चोर!

बॉयलरचं झाकण उघडायचा मोह मात्र आवरला. इथे गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ’ नोंदणी लागते. मेकॅनिकने पाणी न काढता झडपेचं फक्त वरचं डोकं बदललं.

आईला फोनवर हे रामायण सांगितलं. म्हणाली, “अरे, आपल्या बंबात ढलप्या टाकणं थांबवलं की काम झालं.”

जुनं डोकं टेबलावर आहे. जाता-येता दांडी हलवून बघतो. लुळीच.