दोन नंबर

गाडी चालू झाली, पण तो आवाज आमच्या गाडीचा नव्हता. मांगराच्या दारात उभी असलेली आई लगेच म्हणाली, "ही अशी नव्हती गं." बॉनेट थडथडत होतं, आरसे हलत होते, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती थरथरत कडेला सरकत होता. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन अडखळत वर चढायचं आणि पाय काढला की ठेचकाळत बंद पडायचं. मेकॅनिक लोक म्हणतात तसं, गाडी मिसिंग मारत होती.

बाबांची ही मारुती ८००, १९९५ ची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येणार म्हणून त्यांनी ती अंगणातून काढून मांगरात नेऊन लावली. वर निळी ताडपत्री घातली, चारी कोपरे चिऱ्यांखाली दाबले. नंतर बाबा आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. आईला मी पुण्याला घेऊन गेले. रत्नागिरीजवळच्या भाट्याचं आमचं घर बंद झालं ते झालंच. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. असे तीन पावसाळे गाडीने मांगरात काढले, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. २०२३ च्या दिवाळीत आईने परत घरी राहायचं ठरवलं. ताडपत्री ओढली तर तिच्या आतल्या बाजूला दव साचल्यासारखे थेंब होते. ताडपत्री पाणी बाहेर ठेवते तसा जमिनीचा ओलावा आतही कोंडून ठेवते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पहिले दोन दिवस सोप्या गोष्टींत गेले. बॅटरी मेलेली होती, नवी आणली. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी नारळाच्या सोडणाचा काथ्या विंचरून मऊ घरटं केलेलं, मधोमध कुरतडलेली सुपारी. वॉशरचा पाइपही त्यांनीच खाल्ला होता. टाकीतलं पेट्रोल नळीने काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. थोडं मी कोकम सरबताच्या काचेच्या रिकाम्या बाटलीत घेतलं आणि उजेडात धरलं. वर पिवळट पेट्रोल, खाली बोटभर वेगळा थर, मध्ये स्वच्छ रेघ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषत राहतं. पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासोबत तळाशी जाऊन बसतं. इंजिनाला पेट्रोल नेणारी नळी टाकीच्या तळाजवळूनच ओढते, म्हणजे पहिला घोट त्या पाण्याचाच. टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं तेव्हा गाडी चालू झाली, ती अशी थडथडत.

मग शहरातल्या एका गॅरेजमधून माणूस बोलावला. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, प्लग गेलेत. तीन प्लग बदलले. गाडी तशीच. मग प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर. तशीच. मग कार्बोरेटर उतरवून धुतला, नवं किट टाकलं. थडथड थोडी कमी झाली, गेली नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, इंजिन गेलंय. एवढ्या जुन्या गाडीला किती खर्च करणार? भंगारवाला बरे पैसे देईल." आई आत निघून गेली. मला त्या माणसाचा राग पैशांसाठी आला नाही. चार दिवसांत त्याने एकामागून एक वस्तू बदलल्या, पण इंजिनाला एकही प्रश्न विचारला नाही. कशामुळे होतंय हे कळल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे ताप न मोजता, नाडी न बघता रोज नवी गोळी देणं. डॉक्टरने असं केलं तर आपण दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जातो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावतो, कारण आत काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. मीही चार दिवस डोलावली.

पाचव्या दिवशी शेजारचे काका आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले, बाबांचे संध्याकाळचे सोबती. त्यांनी हातात काहीच आणलं नव्हतं. "चालू कर बाय," म्हणाले, आणि बॉनेटपाशी न जाता मागे सायलेन्सरपाशी जाऊन उकिडवे बसले. तळहात सायलेन्सरच्या तोंडासमोर धरला. मिनिटभर डोळे मिटून बसले. "फट फट फस्, फट फट फस्," ते हाताने ताल धरत म्हणाले. "ठरावीक वेळाने चुकतेय. पेट्रोलचा घोळ असता तर कशीही चुकली असती. एकच सिलिंडर झोपलाय. कुठला ते बघू."

मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. ७९६ सीसीचं हे छोटं इंजिन, १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली तेव्हापासून देशभरातल्या घराघरांत पोचलेलं. चार सिलिंडरच्या गाडीत एक बंद पडला तर तीन ओढून नेतात. इथे तिघांतला एक बसला की एक तृतीयांश जोरच गेला, वर तोल गेला तो वेगळाच.

काकांनी रबराच्या मुठीची पक्कड मागितली. गाडी चालू ठेवूनच एक नंबरच्या प्लगची वायर उपसली. इंजिन एकदम दबलं, बंद पडता पडता राहिलं. वायर परत लावली. तीन नंबरची काढली, तसंच दबलं. दोन नंबरची काढली. काहीच नाही. तोच आवाज, तीच थडथड. "हा," काका म्हणाले. "हा आहे नि नाही, दोन्ही सारखं." चार दिवसांत कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं होतं, तेही फुकट.

पुढचा प्रश्न, का. दोन नंबरचा प्लग काढला तर तो ओला, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे पेट्रोल येत होतं. तोच प्लग वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला आणि सेल्फ मारला, तर निळी ठिणगी टकटकीत. म्हणजे आगही होती. दोन आणि तीनचे प्लग अदलाबदल करून पाहिले, रोग दोनमध्येच राहिला. "तेल आहे, काडी आहे, तरी चूल पेटत नाही. मग राहिलं काय?" काकांनी विचारलं. मी गप्प. "दाब. पेट्रोल आणि हवा दाबली गेली नाही तर जळणार कशी?"

त्यांनी तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवून बाजूला बांधली. आईला हाक मारली. आई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली. "वहिनी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मी सांगेन तेव्हा चावी फिरवा." मला म्हणाले, "एक नंबरच्या भोकावर अंगठा घट्ट दाब." आईने चावी फिरवली. आतून अशी हवा आली की माझा अंगठा फाटकन उडाला. पुन्हा दाबला, पुन्हा उडाला. तीन नंबरवर तसंच. दोन नंबरवर अंगठा ठेवला तर खालून एक मवाळ फुंकर आली, झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखी. अंगठा जागचा हललाही नाही. मी काकांकडे पाहिलं, ते मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी ते कुणाकडून तरी गेज घेऊन आले. एक नंबर १५० पाउंड, तीन नंबर १४५, दोन नंबर ४०. मग दोन चमचे इंजिन ऑइल दोनच्या भोकातून आत सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल त्या फटी तात्पुरती बुजवतं आणि काटा चढतो. काटा ४५ वर थांबला. म्हणजे रिंगा ठीक, गळती बहुधा व्हॉल्व्हमधून. आता कुठला व्हॉल्व्ह? आत घेणारा की बाहेर टाकणारा?

यासाठी काकांकडे एसटीच्या दिवसांतलं स्वतः बनवलेलं हत्यार होतं. जुना प्लग पोकळ करून त्याला नळीचं तोंड झाळलेलं. झाडूतला एक हीर काढून त्यांनी प्लगच्या भोकातून आत सोडला आणि मला पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवायला लावलं. हीर वर येत आला, थांबला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असायला हवेत अशी ती जागा त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या रोटरवरून ताडून घेतली, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने छोटा कॉम्प्रेसर आणून दिला होता. हवा सोडली. "आता कान लाव," काका म्हणाले. कार्बोरेटरच्या तोंडाशी कान नेला, शांत. तेलाचं झाकण काढून तिथे ऐकलं, किंचित सुस्कारा, तेवढा चालतो. मग मी मागे गेले, गुडघ्यांवर बसून सायलेन्सरला कान लावला. आतून स्वच्छ, अखंड फुसफुस येत होती, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तशी. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत नव्हता.

मी विचारलं, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, सगळ्यांनी तेच तीन पावसाळे काढले, मग हाच का? काका मांगराच्या उंबऱ्यावर बसले. इंजिन बंद होतं तेव्हा पिस्टन जिथे असतील तिथे थांबतात, म्हणाले. कुणाचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, कुणाचा एक उघडा. त्या दिवशी बाबांनी गाडी लावली, चावी फिरवली, आणि दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला. त्या क्षणापासून सायलेन्सरच्या तोंडापासून थेट त्या सिलिंडरपर्यंत वाट मोकळी होती. भाट्याची खारी हवा त्या वाटेने आत गेली आणि उघड्या व्हॉल्व्हच्या काठावर, तो टेकतो त्या कड्यावर गंज धरत बसली. मिटलेल्या दोघांच्या वाटेला ती गेली नाही. "आम्ही उभ्या गाड्या दर काही दिवसांनी चालू करायचो ते काय उगीच? एका जागी कुणाला फार वेळ राहू द्यायचं नाही." गाडी खूप दिवस लावायची तर टाकीतलं पेट्रोल काढा, प्लगच्या भोकांतून चमचाभर तेल सोडून इंजिन हाताने फिरवा, सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेलं फडकं कोंबा आणि त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, नाहीतर चालू करताना विसराल. कोकणात बंद घरांच्या पडवीत मुंबईकरांच्या किती गाड्या गणपती ते शिमगा आणि शिमगा ते गणपती अशा उभ्या असतात. हे त्यांतल्या एकालाही कुणी सांगितलेलं नसतं.

हेड उतरवलं. खेडशीच्या एका तरुण मेकॅनिकने काकांच्या नजरेखाली दीड दिवसात ते काम केलं. व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा त्याच्या काठावर तांबूस खड्डे होते, आमच्या अंगणातल्या चिऱ्यासारखे. नखाला लागत होते. सीट मिरजोळे एमआयडीसीतल्या एका दुकानात छाटून घेतली, नवा व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून बसवला. काठीच्या टोकाला रबराची चकती, ती व्हॉल्व्हला चिकटवून दोन्ही तळव्यांमध्ये रवीसारखी घुसळायची. मी ते थोडा वेळ केलं. आधी खरखर वाजतं, मग आवाज मऊ होत जातो, आणि पुसून पाहिलं की काठावर सलग राखाडी पट्टी उमटलेली दिसते. ती पट्टी कुठे तुटता कामा नये. हेड गॅस्केट नवं, टायमिंग बेल्टही नवा, कारण इतक्या वर्षांच्या रबरावर विसंबायचं नाही असं काकांनी बजावलं. टॅपेट लावले.

शनिवारी संध्याकाळी आई पुन्हा मांगराच्या दारात उभी राहिली. मी चावी फिरवली. दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं. चोक हळूहळू आत ढकलला. गणपती जागचा हलला नाही. आई काही बोलली नाही, तिने फक्त पदराने बॉनेटवरची धूळ पुसली, बाबा पुसायचे त्याच जागची.

काका मात्र अजून मान हलवत नव्हते. त्यांनी पक्कड घेतली, वाकले, आणि दोन नंबरची वायर उपसली. इंजिन दचकून दबलं, बंद पडायला आलं. त्यांनी वायर परत दाबली, आणि ते पुन्हा एकसुरात चालू लागलं.

"आला," काका म्हणाले.