पदवीधर रंगरूट

बेळगावच्या माणसाला सैन्य ही केवळ वर्तमानपत्रात वाचायची गोष्ट नव्हे. पहाटेच्या धुक्यात कॅम्पातल्या रस्त्यांवरून एका ठेक्यात धावणारी पावले, त्यांच्या मागून येणारा उस्तादाचा खडा आवाज आणि बाजारात सुटीच्या दिवशी दिसणारी, केस बारीक कापलेली, कान उघडे पडलेली पोरे हे सारे आमच्या अंगवळणी पडले आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री ही १७६८ पासूनची परंपरा सांगणारी रेजिमेंट. तिचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे याच रेजिमेंटचे. शंभर वर्षांहून अधिक काळ खेड्यापाड्यांतली मुले येथे येतात, आणि काही महिन्यांनी शिपाई होऊन निघून जातात.

आमच्या लहानपणी रंगरूट म्हटला की नांगराची, ओझ्याची, उन्हाची सवय असलेला, चार-सहा इयत्ता शिकून शाळा सोडलेला मुलगा डोळ्यांपुढे येई. आता तसे राहिलेले नाही. शिपायाच्या भरतीला दहावी उत्तीर्ण असणे पुरते. पण त्या रांगेत बी. ए., बी. कॉम. झालेली मुलेही उभी असतात. त्याचे कारण सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. कोणत्याही घरातला बाप ते सांगेल. मला मात्र वेगळाच प्रश्न पडत आला आहे. पंधरा-सोळा वर्षे आम्ही शिक्षक ज्या मुलाला ‘विचार कर, प्रश्न विचार’ असे शिकवतो, तो मुलगा जेव्हा ‘विचारायचे नाही, करायचे’ असे बजावणाऱ्या मैदानावर जाऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या शिक्षणाचे नेमके काय होते?

माझ्या एका विद्यार्थ्यामुळे हा प्रश्न मला जवळून पाहता आला. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे मिळवणारा, अंगाने किडकिडीत, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. कोविडच्या काळात दोन वर्षे भरती झाली नव्हती, म्हणून त्या एका वर्षापुरती वयाची वरची मर्यादा २१ वरून २३ करण्यात आली. त्या सवलतीच्या दारातून तो आत शिरला, आणि २०२३ च्या जानेवारीत बेळगावातच प्रशिक्षणाला दाखल झाला. घर दीड तासाच्या आत. परंतु ते अंतर आता मैलांनी मोजायचे राहिले नव्हते.

पाचव्या आठवड्यात त्याचे घरी पत्र आले. वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी, समासही न सोडता लिहिलेले. ते घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले. ‘‘सर, तुम्हीच वाचा आणि काय करू सांगा की. पोरगं रडकुंडीला आलंय बघा.’’

पत्र मी दोनदा वाचले. पहाटे साडेचारला उठणे, धावणे, दोरीवर चढणे याविषयी त्यात फारशी तक्रार नव्हती. त्याला बोचले होते ते वेगळेच. पहिल्याच दिवशी केस गेले, आणि नावाच्या जागी छातीवर क्रमांक आला. कवायतीच्या वेळी त्याने एकदा ‘असे का?’ म्हणून विचारले, तेव्हापासून उस्ताद त्याला ‘प्रोफेसर’ म्हणू लागला. ‘‘प्रोफेसर, दौड़ के आ!’’ हे शब्द मैदानभर घुमत. एकदा त्याच्या घोंगडीची घडी वाकडी निघाली, आणि शिक्षा त्याला एकट्याला झाली नाही. सगळ्या तुकडीला रगडा मिळाला. आपल्याकडे रगडा पॅटिसबरोबर मिळतो. तिथे तो तापलेल्या जमिनीवर कोलांट्या मारून आणि कोपरांवर सरपटून मिळतो. आपल्यापायी बाकीचे लोळत आहेत हे पाहण्याची शरम त्याला सोसवेना. ‘तो उस्ताद दहावी झालेला आहे. मी बी. ए. आहे. मी इथे काय करतो आहे?’ असे शेवटी लिहिले होते. ‘काय’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

‘‘काढून आणायचा का त्याला? अर्ज लिहून द्याल?’’ वडिलांनी विचारले.

मी म्हटले, ‘‘भेटीचा दिवस येऊ दे. तुम्ही स्वतः जा. जेवतो का, झोपतो का, ते पाहा. आणि उस्तादाविषयी बोलताना त्याच्या डोळ्यांत राग आहे की भीती आहे, तेवढे नीट बघून या. राग असेल तर त्याला राहू द्या. भीती असेल तर सांगा, अर्ज मी लिहीन, आणि जिथे द्यायचा तिथे तुमच्याबरोबर येईन.’’

हा सल्ला मी कोणत्या पुस्तकात वाचलेला नव्हता. तीस वर्षे वर्गात उभे राहून जे उमगले, त्यातला तो होता. कठोर माणसावर रागावलेले मूल आतून उभे असते. त्याची मान ताठ असते, आणि ‘तुला दाखवतोच’ या जिद्दीवर ते चार पावले जास्त चालते. भ्यालेल्या मुलाचे तसे नसते. ते खोटे बोलू लागते, लपू लागते, झोपेत दचकते. राग शिस्तीत मुरवता येतो. भीतीतून फक्त लाचारी निपजते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु टाकी धरणाऱ्याला दगडातली मूर्ती दिसत असली पाहिजे, ही अर्धी बाजू त्या म्हणीत सांगितलेली नाही. मूर्ती न दिसणाऱ्याच्या हातून घाव तितकेच पडतात, आणि शेवटी खडी तेवढी उरते.

त्या रविवारी वडील परत आले ते थोडे हसतच. ‘‘रागावलाय, सर. लई रागावलाय. चपात्या मात्र आठ खाल्ल्या.’’

अर्ज लिहायची वेळ आली नाही.

पुढे मी या कवायतीविषयी जाणत्या निवृत्त सुभेदारांशी बोललो, आणि त्या ‘का’चे उत्तर मला हळूहळू कळत गेले. गोळीबार सुरू असताना हुकमाची कारणमीमांसा करायला अवधी नसतो. अशा वेळी माणसाचे पाऊल भीतीने मागे न येता पुढे पडावे, यासाठी ते आधी हजारदा पडलेले असावे लागते. लाइट इन्फन्ट्रीची चाल तर इतरांहून जलद. तिथे पंक्तीतला एक जण चुकला की साऱ्यांची लय मोडते. एकाच्या चुकीसाठी साऱ्यांना शिक्षा हा न्यायालयाचा न्याय नव्हे हे खरेच. पण रणांगणावर एकाच्या चुकीची किंमत सारेच मोजतात. ते तिथे प्रथमच कळण्यापेक्षा मैदानावर घोंगडीच्या घडीवरून कळलेले बरे.

पदवीधराला हे अधिक जड जाते, कारण त्याच्या हाडांबरोबर त्याचा अहंकारही दुखतो. शिक्षणाने त्याला शब्द दिलेले असतात, आणि नकळत एक समजूतही दिलेली असते की शिकलेल्या माणसाने घाम गाळायचा नसतो. ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. शिकलेल्यांनी लिहावे आणि न शिकलेल्यांनी उचलावे, ही वाटणी कवायतीचे मैदान मानत नाही. तिथे ‘पिठ्ठू’ पाठीवर चढला की त्यातले ओझे पदवी पाहून कमी होत नाही.

हे केवळ शिपायांपुरते नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर अधिकाऱ्यांची तातडीने गरज भासली, आणि कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण मोठ्या संख्येने इमर्जन्सी कमिशन घेऊन सैन्यात गेले. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाले; काही महिन्यांच्या रगड्यानंतर हे कालचे विद्यार्थी सीमेवर गेले, आणि त्यांच्यातले कित्येक १९६५ च्या युद्धात लढले. त्याच सुमारास, १९६३ पासून १९६८ पर्यंत, महाविद्यालयांत एन. सी. सी. सक्तीची होती. मद्रासची ती संस्था १९८८ पासून ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी म्हणून ओळखली जाते, आणि १९९२ पासून तिथे मुलीही प्रशिक्षण घेऊ लागल्या. पदवीधरांना तिथे ४९ आठवडे काढावे लागतात. डेहराडूनच्या, १९३२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत त्याहून अधिक. उद्या ज्याला साहेब म्हणून सलाम मिळणार, त्यालाही तिथला हवालदार आज धुळीत लोळवतो. ज्याच्या पाठीवर पिठ्ठू कधी चढलाच नाही, त्याला दुसऱ्याच्या पाठीवर तो किती वेळ ठेवावा हे कसे कळणार?

मात्र येथे एक रेघ आहे, आणि ती सैन्यानेच आखलेली आहे. १९५० च्या सेना अधिनियमाचे कलम ४७ सांगते की, हाताखालच्या माणसावर हात उगारणारा किंवा त्याला वाईट वागवणारा वरिष्ठ हा गुन्हेगार आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कष्ट करून घेण्याचा अधिकार उस्तादाला आहे, छळण्याचा नाही. ही रेघ सर्वत्र आणि सर्वकाळ पाळली जाते असे समजण्याइतका मी भाबडा नाही. पण ती आहे, आणि ती ओलांडली गेली तर ‘पोराला कणखर करण्यासाठीच केले’ ही सबब चालू नये. रगड्याची वेळ ठरलेली असावी, हेतू ठरलेला असावा, आणि कुणाच्या खासगी रागाची त्यात भेसळ नसावी. आणखी एक कसोटी त्या विद्यार्थ्याच्याच पत्रात, त्याच्याही नकळत, लिहिली गेली होती. ‘उस्ताद आमच्याआधी उठतो आणि आमच्याबरोबर सगळे अंतर धावतो’ असे एक वाक्य तक्रारींच्या गर्दीत होते. ते वाचूनच मी निम्मा निश्चिंत झालो होतो.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की, शाळेत येणारे पालक मला वारंवार सांगतात, ‘‘सर, तुमच्या शाळेत मिलिटरीसारखी शिस्त पाहिजे. दोन छड्या जास्त मारा, आमची काही हरकत नाही.’’ त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा देणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. आणि कायदा नसता तरी माझे उत्तर बदलले नसते. रंगरूट सज्ञान असतो, स्वतःच्या पायांनी गेलेला असतो, कशासाठी गेलो ते जाणत असतो, आणि हे किती आठवडे चालणार हेही त्याला ठाऊक असते. सातवीतल्या मुलाला यातले काहीच नसते. पालकांना सैन्यातून शाळेत काही आणायचेच असेल, तर छडीऐवजी दुसरी गोष्ट आणावी: आपली जागा आपण झाडणे, दिलेली वेळ पाळणे, आणि शिकवणाऱ्याने मुलांच्या आधी मैदानावर हजर असणे. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महाग आहे. म्हणूनच बहुधा छडीची मागणी जास्त होते.

एकतीस आठवडे संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या तुकडीने शपथ घेतली. सुटीत तो मला भेटायला आला. खांदे भरले होते, बोलणे कमी झाले होते. मी विचारले, ‘‘काय रे, उस्तादावरचा राग गेला का?’’

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, शेवटच्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता काय चुकलं? तर खिशातून एक कागद काढला. त्यांची मुलगी बारावी झाली आहे. कुठलं कॉलेज घ्यावं, कुठले विषय घ्यावेत, ते मला विचारत होते. आणि शेवटी म्हणाले, ‘प्रोफेसर, ठीक से सोच के बता.’’’

त्या दिवशी त्या टोपणनावातला काटा निघून गेला. दहावी झालेल्या त्या माणसाला शिक्षणाची किंमत ठाऊक नव्हती, असे नव्हते. आपल्या मैदानावर तिची पावती चालत नाही, एवढेच तो सांगत होता. मैदान संपताच त्याने विद्येला तिचा मान दिला. जो शिकलेला आहे त्यानेही घामाला तसाच मान द्यावा, एवढी त्याची अपेक्षा असली तर ती काही अवाजवी नव्हती.

आता राहतो तो आपला, म्हणजे बाहेरच्यांचा भाग. ही नेमणूक चार वर्षांची. त्यानंतर दर तुकडीतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला सैन्यात कायम करावे, अशी त्या योजनेची मूळ रचना. म्हणजे बहुतेक मुले पंचविशीच्या आसपास पुन्हा गावात येणार. त्यांच्यातल्या काहींपाशी पदवी असेल, आणि सर्वांपाशी शिस्त असेल. या मुलांना आपण केवळ गुरख्याची काठी किंवा बँकेच्या दारातले स्टूल दाखवणार असू, तर शिस्तीची जी स्तुती आपण उठता-बसता करतो ती पोकळ ठरेल. घोंगडीची घडी सरळ करायला ती मुले शिकली. त्यांच्यासाठी जागा करायला आपण शिकलो आहोत का, याची परीक्षा व्हायची आहे. आणि त्या परीक्षेला रंगरूट बसणार नाहीत, आपण बसणार आहोत.