दिल्लीची गाडी, जालन्याचा नंबर

जालन्याच्या मोंढ्यात 'डीएल' नंबरची स्कॉर्पिओ उभी दिसली की लोक मालकाला आधी एकच विचारतात, "केवढ्याला घेतली?" आकडा ऐकून डोळे मोठे होतात. घेतली केवढ्याला हे मालक लगेच सांगतो. पडली केवढ्याला, हे मात्र ती एमएच २१ होईपर्यंत त्यालाही कळत नाही.

दिल्लीत डिझेल गाडी स्वस्त मिळते ती काही तिथले लोक दिलदार म्हणून नाही. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. आपल्याकडे तीच गाडी पंधरा वर्षं बिनघोर चालते. म्हणून आठ-नऊ वर्षं झाली की तिथला मालक गाडी विकायची घाई करतो आणि अंबड, परतूर, भोकरदनचा गडी तिकीट काढतो.

आम्हीही काढलं. सचखंड एक्सप्रेस जालन्यावरून थेट दिल्लीला जाते, शिवाय वाटेत लंगरचं जेवण मिळतं, त्यामुळे मेहुण्याने आठवणीने ताट-वाटी बरोबर घेतली. तिसरे आमचे मेस्तरी. त्यांना न्यायचा खर्च मला जड वाटत होता. पण करोलबागेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पोचल्यावर तो पहिल्याच तासात वसूल झाला.

दलालाने गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. मेस्तरींनी ती बंद करायला लावली आणि इंजिन गार होईपर्यंत आम्हाला चहाच्या टपरीवर बसवलं. गार इंजिनला सेल्फ मारून त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं, त्यावर तळहात धरला. "बॅक कंप्रेशन नाही, भाऊ." मग काचांवरची सालं बघितली. एक काच सोडून सगळ्या एकाच सालच्या. दाराची रबरं ओढून पत्र्याचे जोड पाहिले, मॅटिंग उचलून गंज पाहिला आणि शेवटी ब्रेकच्या पायडलकडे बोट दाखवलं. मीटरवर साठ हजार, रबर मात्र पार गुळगुळीत. दलाल हसला आणि भाव खाली आला. मीटरपेक्षा पायडल खरं बोलतं.

खरी गाठ पुढे होती. आरसीवर एका बँकेचा बोजा. कर्ज फिटलेलं होतं. पण फॉर्म ३५ भरून तो कोणी उतरवलाच नव्हता. बोजा असताना, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारी एनओसी निघत नाही. "गाडी घेऊन जा, कागद कुरिअरने येतील," दलाल म्हणाला. मेहुणा तयार होता, "दाजी, एवढ्या लांबून आलोय." मी बयाणा दिला, पावती घेतली आणि आम्ही रेल्वेने रिकामे परत आलो. गावात हसू झालं. बोजा उतरून एनओसी निघाल्यावरच पुन्हा गेलो. त्यावर 'जालना' लिहिलंय का, हे आधी वाचलं. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्या आणि मग उरलेले पैसे दिले.

येण्याचा रस्ता सोपा: आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, सेंधवा. जुन्या मालकाने फास्टॅग बंद केला होता, त्यामुळे नाक्यानाक्यावर दुप्पट टोल मोजला. पळासनेरला महाराष्ट्र लागला, कोणी अडवलं नाही. धुळे, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढलो आणि संध्याकाळी गाडी दारात. बायकोने ओवाळलं, नारळ फोडला. गाडी घरी आली, पण आमची झाली नाही. तिची सरहद्द पळासनेरला नव्हतीच, ती जालन्याच्या आरटीओत होती.

तिथे फॉर्म २७, पीयूसी, विमा, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरची छाप लागते. मेस्तरी गाडीखाली शिरले. डिझेलच्या बोळ्याने चेसिसवरचा चिखल पुसला, पांढरी चिकटपट्टी लावली आणि वरून पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा वर आला. ती पट्टी काढून अर्जावर चिकटवली. निरीक्षकाने गाडीवरचा नंबर त्या छापेशी ताडून पाहिला.

मग कर. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल मोटारीला नवी असताना १४ टक्के एकरकमी कर बसतो. बाहेरून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो. पण हिशेब होतो मूळ किमतीवर, तुम्ही दिलेल्या भावावर नाही. इथेच भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. कर, दोन खेपांचं भाडं, मेस्तरींचा रोज, टोल, डिझेल, नव्या पाट्या हे सगळं धरल्यावर दिल्ली आणि जालन्याच्या भावात जो फरक दिसत होता, त्यातला निम्म्याहून जास्त गेला. उरला तोही कमी नव्हता. गाडी चांगली लागली, म्हणून मी तक्रार करत नाही. पण पन्नास-साठ हजारांच्या फरकासाठी कोणी दिल्ली गाठू नये.

दिल्लीत भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. त्यासाठी नव्या आरसीची प्रत जोडून तिथल्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. बरेच जण कंटाळून तो सोडून देतात. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बंधनकारक आहे, तेव्हा 'डीएल'वरच फिरवू हा विचारही करू नका. जायच्या आधी गाडीचं मूळ बिल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, जालन्याच्या आरटीओत कराचा आकडा काढून घ्या आणि मगच सचखंडचं तिकीट काढा.