मास्तरांच्या लेकीचे पत्र

ऑगस्ट १८१५. नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेंटन या लहानशा गावात जेकब मॉर्डेकाय हे ज्यू गृहस्थ मुलींची निवासी शाळा चालवत. विद्यार्थिनी बहुतेक ख्रिस्ती. गावात ज्यूंचे घर मात्र हे एकच. सत्तावीस वर्षांची लेक रेचेल शाळेत शिकवी. मुलांना वाढवायचे कसे हे ती मारिया एजवर्थ या आयर्लंडमधल्या नामवंत लेखिकेच्या पुस्तकांतून शिकली होती. आणि नेमक्या त्याच लेखिकेच्या ‘द अ‍ॅब्सेंटी’ या १८१२च्या कादंबरीत घोडागाड्या बांधणारा एक निर्दय, पैशाचा लोभी ज्यू होता. त्याचे नाव मॉर्डिकाय!

रेचेलने कागद घेतला आणि थेट बाईंनाच लिहिले. आधी मनापासून कौतुक, मग प्रश्न: मुलांच्या मनात पूर्वग्रह रुजू देऊ नका असे सांगणारी लेखिका एका अख्ख्या समाजाला जन्मतःच लोभी कशी ठरवते? आमच्या देशात ज्यूंना कुणी वेगळे काढत नाही, असेही तिने अभिमानाने कळवले. हे चित्र जरा जास्तच उजळ होते. तिच्याच राज्याच्या घटनेनुसार सरकारी पदासाठी प्रोटेस्टंट असणे आवश्यक होते. १८०९ साली विधिमंडळातल्या जेकब हेन्री या ज्यू सदस्याच्या जागेला त्यावरूनच हरकत घेतली गेली. भाषण करून त्याने ती जागा राखली, पण कायदा तसाच राहिला. ज्यूंवरची ही बंदी उठायला १८६८ उजाडले.

एजवर्थबाई वरमल्या. नुसते दिलगिरीचे पत्र पाठवून त्या थांबल्या नाहीत, तर ज्यूंविषयीच्या द्वेषावरच त्यांनी ‘हॅरिंग्टन’ ही कादंबरी लिहिली. ती १८१७ साली आली, आणि अमेरिकेतल्या एका ज्यू बाईच्या पत्रामुळे हे लेखन झाले, अशी नोंद बाईंच्या वडिलांनी प्रस्तावनेत केली.

पण कादंबरीची नायिका बेरेनिस शेवटी ख्रिस्ती निघते, म्हणजे नायकाला ज्यू मुलीशी लग्न करण्याची वेळच येत नाही. रेचेलने आभार मानले आणि ही निराशाही लपवली नाही. मला तर पहिल्यापेक्षा हे दुसरे पत्र अधिक धीटपणाचे वाटते. रागावून लिहिणे सोपे. ज्याने आपल्यासाठी पुस्तक लिहिले, त्याला ‘अजून पुरते जमलेले नाही’ असे सांगणे अवघड. दोघी एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. पत्रे मात्र रेचेलच्या मृत्यूपर्यंत, १८३८पर्यंत, चालू राहिली. मृत्यूच्या थोडे आधी तिने स्वतःच ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेही इथे सांगायलाच हवे.

त्या काळी पत्र ही महाग वस्तू होती. १८१६च्या दरानुसार चारशे मैलांपलीकडे एका कागदाला २५ सेंट पडत, दोन कागदांना दुप्पट. पाकीट घातले तर तोही एक कागद धरला जाई. म्हणून लोक पान भरले की ते आडवे धरून त्याच ओळींवर काटकोनात पुन्हा लिहीत, मग कागदाचीच घडी घालून लाखेने बंद करत. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने मोजायचे. १८४५मध्ये दर एकदम खाली आले. महाग असूनही पत्रांवाचून ज्यूंचे भागत नसे, कारण अमेरिकेत विधिवत दीक्षा घेतलेला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरूही तोवर नवाच होता. पहिला आला तो १८४० साली, बाल्टिमोरला. दूरदूर विखुरलेल्या ज्यू घरांत सणवार, लग्ने, मृत्यू आणि धर्माचे प्रश्न पोचत ते पत्रांतूनच.

फिलाडेल्फियाच्या रेबेका ग्रॅट्झ या ज्यू बाईची पत्रे याचा उत्तम नमुना. ती अविवाहित राहिली. बहीण वारल्यावर तिची मुले तिने वाढवली आणि केंटकीतल्या भावाच्या घरी आयुष्यभर पत्रे लिहिली. भावाची बायको मारिया ख्रिस्ती. परधर्मातल्या लग्नांना रेबेकाचा तत्त्वतः विरोध, तरी या वहिनीशी तिचे मेतकूट होते. घरच्या बातम्यांना लागूनच संस्थांचा कारभार येतो: १८१९चे स्त्रियांचे मदतमंडळ, १८३८ची ज्यू मुलांची रविवारची शाळा. शाळेला सुरुवातीला ज्यू पाठ्यपुस्तकेच नव्हती. मग ख्रिस्ती पुस्तके आणून, न पटणाऱ्या उत्तरांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून ती वापरली गेली. पट्टीखाली काय दडले आहे, हे पाहायची मुलांना भारी उत्सुकता!

लोभी ज्यूच्या ज्या चित्राला रेचेलने हरकत घेतली, ते काही कादंबऱ्यांपुरते उरले नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाच्या चोरट्या व्यापाराचे खापर उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल ग्रँटने ज्यूंवर फोडले आणि १७ डिसेंबर १८६२च्या हुकुमाने आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशातून त्या सगळ्यांना चोवीस तासांत निघायला सांगितले. केंटकीतल्या पड्युका गावच्या सीझर कॅस्केलने आणि इतर काहींनी राष्ट्राध्यक्ष लिंकनला तार केली. तारेचा उपयोग होत नाही असे दिसताच कॅस्केल स्वतः वॉशिंग्टनला गेला, लिंकनसमोर उभा राहिला, आणि जानेवारी १८६३ च्या पहिल्या आठवड्यातच हुकूम मागे घेतला गेला.