एकतीस नंबरचा प्लॉट

९ जून २०२५, सोमवार

घर बांधायचं तर नगरपरिषदेची परवानगी काढूनच, हे मी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आमच्या लेआउटमध्ये बरीच घरं उभी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांकडे तरी मंजूर नकाशा असेल का, याची मला शंका आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो कायद्याच्या धाकाने काढलेला नाही, बँकेच्या धाकाने काढलाय. फंडाच्या पैशात बांधणाऱ्याला कोणी विचारत नाही. मास्तर काय, एसटीतले काय, सगळ्यांनी आधी जोतं घातलं, मग घरपट्टी लावून घेतली आणि घरपट्टीची पावती हीच परवानगी समजून राहायला गेले. कर आकारला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

आमचंही निमित्त बँकच. प्लॉट माझ्या नावावर, कर्ज माझ्या आणि चिरंजीवांच्या नावे.

संध्याकाळी इंजिनिअर येऊन गेला. नगरपरिषदेचं लायसन्स आहे, कामाला बरा आहे म्हणतात. फी सांगितली आणि म्हणाला, “वरचा खर्च वेगळा.”

“वरचा म्हणजे?”

“ते मी बघतो, बाई.”

“ज्याची पावती मिळेल ते सगळं देईन. ज्याची नाही ते नाही.”

त्याने चहा संपवला. “मग वेळ लागेल.”

“लागू दे.” ह्यांनी वर्तमानपत्र चेहऱ्यापुढे धरलं, म्हणजे मत आहे पण देणार नाही.

१८ जून, बुधवार

कागद काढून बसले. मंजूर रेखांकनात प्लॉट बारा मीटर बाय साडेसत्तावीस, म्हणजे ३३० चौरस मीटर. सातबाऱ्यावर तेच आरमध्ये, ३.३० आर. खरेदीखतात चौरस फुटांत, ३,५५२. तिन्ही कागदांची एककं वेगळी, पण आकडा जुळतो. जन्मभर गणित शिकवलं असल्यामुळे उगाच बरं वाटलं.

इंजिनिअरला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “मोजणी होऊ द्या, मग बोलू.”

मोजणीचा अर्ज मार्चमध्येच भूमी अभिलेखकडे टाकला होता, नियमित. द्रुतगतीला चौपट पैसे, तीन हजारांच्या जागी बारा हजार. इतकी घाई नव्हती.

२४ जून, मंगळवार

भूकरमापक आले. पूर्वी साखळी आणि फळी घेऊन यायचे. आता काठीवर बसवलेला रोव्हर, तो उपग्रहाकडून आपली जागा विचारून घेतो. तासाभरात काम झालं आणि प्लॉटची रुंदी ११.७० मीटर निघाली. तीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक फूट, शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीखाली.

शेजारचे अण्णा हातात टोपी धरून उभे होते. “ताई, ती भिंत माझ्या वडलांनी घातली. तेव्हा दोरी धरून मोजायचे.”

खोटं बोलत नव्हते. पुढे काय करायचं हे दुपारभर बोललो. हद्द कायम करून मागायची, नोटीस द्यायची, मग दिवाणी दावा. आमच्या तालुक्यातल्या हद्दीच्या दाव्यांचं वय मला माहीत आहे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आजोबांनी घातलेले काही अजून चालू आहेत. मी तो फूट सोडला. चिरंजीव फोनवर फार चिडला. त्याचं बरोबर आहे, पण त्याला अण्णांच्या शेजारी राहायचं नाही.

आता इंजिनिअरच्या ‘मग बोलू’चा अर्थ कळला. कागदावरचं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र यांत फरक पडला की परवानगीसाठी जे कमी असेल ते धरतात. आमचं ३२१.७५ झालं. बांधकामाचा निर्देशांक १.१० आहे, त्यामुळे चटईक्षेत्राची ओढाताण नाही. दोन माणसांना एवढं घर लागतंच कुठे? खरी कात्री बाजूच्या मोकळ्या जागेची. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचं म्हणजे नऊ मीटर रुंद होणारं घर ८.७० चं. तो फूट स्वयंपाकघरातून जाणार. दिवाणखान्यातून घ्या म्हटलं तर हे म्हणतात, पाहुणे काय म्हणतील!

११ जुलै, शुक्रवार

झोन दाखला आणि भाग नकाशा मिळाला. विकास योजनेत आमचा तुकडा पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवास. आरक्षण नाही, योजनेतला रस्ता अंगावरून जात नाही.

नगरपरिषदेच्या जिन्यात लोकसेवा हक्क कायद्याचा फलक आहे. कायदा २०१५ चा. कुठली सेवा, किती दिवसांत, कोण देणार, न दिल्यास अपील कोणाकडे, सगळं लिहिलेलं. फलकापुढे जुनी कपाटं रचल्यामुळे खालच्या ओळी वाचता येत नाहीत, आणि अपिलाची माहिती नेमकी खालच्या ओळींत आहे. मी कपाट सरकवून वाचत होते तेव्हा शिपाई धावत आला आणि मदत करू लागला. त्याला वाटलं, कपाट न्यायलाच कोणी आलंय.

२९ जुलै, मंगळवार

नकाशा तयार झाला. इंजिनिअरशी दोन तास हुज्जत.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर एकच नियमावली लागू आहे. त्याआधी ठिकठिकाणचे नियम निराळे. एक नियमावली आली हे मला चांगलंच वाटतं. नियम आता निदान पुस्तकात पाहता येतो, साहेबांच्या आठवणीवर सोडावा लागत नाही. जुन्या नियमांत गॅलरी, जिना यांना ठरावीक सूट असायची आणि गावोगाव लोक त्या सुटीतली गॅलरी विटांनी बंद करून खोली करायचे. नव्या नियमात छप्पर पडलेलं सगळं मोजतात. बाहेरच्या कडेने जी रेघ फिरते ती ‘पी-लाइन’, आणि तिच्या आतलं जवळजवळ सगळं क्षेत्र हिशेबात. त्या बदल्यात निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र अधिमूल्य भरून मिळतं. म्हणजे पूर्वी लपवून करायचे ते आता विकत घ्यायचं. मला हे जास्त सरळ वाटतं.

मला पुढे ओटा हवा, बसायला. सामासिक जागेत येतो म्हणून तो दोन पायऱ्यांपुरता उरला. जाऊबाईंनी त्यांच्या ओळखीचा वास्तुवाला पाठवला. त्याने शौचालय फिरवायला सांगितलं. इंजिनिअर म्हणाला, भुयारी गटार अजून नाही, सेप्टिक टँक मागेच बसतो, शौचालयही तिथेच. वास्तुवाला आणि नगररचना खातं यांचं एकमत फक्त एका गोष्टीवर झालं: नकाशावर उत्तर दिशेचा बाण पाहिजे.

६ ऑगस्ट, बुधवार

अर्ज ऑनलाइन दाखल. नकाशातल्या प्रत्येक रेघेला ठरलेली लेअर असते. भिंत भिंतीच्या लेअरमध्ये, प्लॉटची हद्द तिच्या लेअरमध्ये. चुकीच्या लेअरमध्ये गेलेली खिडकी संगणकाला दिसतच नाही. मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो मी सांगितला, पोच आली, छान.

लगेच इंजिनिअर म्हणाला, “आता हार्ड कॉपी द्यायची.”

“ऑनलाइन केलं ना?”

“केलं. पण साहेबांना कागद बघायची सवय आहे.”

आवक विभागात माझा जुना विद्यार्थी कनिष्ठ लिपिक आहे. उठून खुर्ची दिली, चहा मागवला. फाइलवर शिक्का मारताना म्हणाला, “बाई, ओळख इथवर. पुढे सिस्टीम आहे.” मला त्याचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली त्रुटी निघाली, माझ्या नावात. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे ‘बाई’ जोडलेलं आहे, तलाठ्यांची जुनी पद्धत. खरेदीखतात नाही, आधारवर नाही. नकाशावर कुठलं घ्यायचं? दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि अमुक अटी मान्य असल्याचं हमीपत्र. शंभराचा स्टॅम्प गेल्या ऑक्टोबरात बंद झाला, आता पाचशेचा. ह्यांच्या नावापुढे सातबाऱ्यावर कोणी ‘बुवा’ लिहून ठेवलेलं नाही. पुरुषांची नावं जन्मापासून एकसारखी चालत येतात. बाईचं नाव लग्नात बदलतं, तलाठ्याकडे बदलतं आणि मग ती बाई तीच हे तिलाच शपथेवर सांगावं लागतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पितृपक्ष. नवा अर्ज घेऊन कोणी फिरकत नाही, त्यामुळे नगररचना सहायकांना स्थळपाहणीला वेळ मिळाला. तरुण मुलगी आहे, परीक्षा देऊन थेट लागलेली. स्वतः टेप धरून मोजत होती. आमच्यासमोरचा रस्ता रेखांकनात नऊ मीटर. जागेवर कुठे साडेसात, कुठे आठ. लोकांनी पायऱ्या, गाडीचे उतार, तुळशीचे कट्टे पुढे आणलेत. मी म्हटलं, ही अतिक्रमणं माझी नाहीत. ती म्हणाली, “मॅडम, मला दिसतंय. पण अहवालात रुंदी लिहावी लागते.”

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी त्रुटी: रस्त्याच्या रुंदीबाबत खुलासा. मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत जोडली, रस्ता मंजुरीप्रमाणेच धरावा असं लिहून दिलं.

इंजिनिअर खुशीत होता. “बाई, साठ दिवस होत आले. साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाल्यात जमा.”

घरी येऊन कायदा काढला. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ४५. साठ दिवसांचं खरं आहे. पण ते अर्जाच्या तारखेपासून, किंवा मागितलेल्या माहितीला अर्जदाराने उत्तर दिलं त्या तारखेपासून, यांपैकी जे नंतरचं असेल तिथून. शिवाय बांधकाम नियमात बसणारं हवं. म्हणजे आमचे साठ दिवस आज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. सगळा खेळ या अर्ध्या वाक्यात आहे. नावातली तफावत ऑगस्टमध्ये दिसली, तर रस्त्याचा प्रश्न तेव्हाच का विचारला नाही? रेखांकन त्यांच्याच दप्तरात आहे. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्या मुलीने तर प्रामाणिकपणे मोजलं. पण एकेक करून त्रुटी काढणाऱ्या कार्यालयाला हा कायदा कधीच उशिरा ठरवू शकत नाही, आणि इंजिनिअरचा ‘वरचा खर्च’ जन्माला येतो तो इथे. लोक नियम मोडण्यासाठी पैसे देत नाहीत, सगळ्या त्रुटी एकाच दिवशी कळाव्यात म्हणून देतात. नगरपरिषदेच्या प्रशासकांच्या नावे तेवढंच एक पत्र दिलं: त्रुटी एकदाच, एकत्र आणि लेखी द्याव्यात. पोच घेतली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

तिसरी त्रुटी आली नाही. पत्रामुळे की आपोआप, देव जाणे. शुल्काची मागणी आली.

विकास शुल्क रेडी रेकनरच्या दरावर: जमिनीला अर्धा टक्का, बांधकामाला दोन टक्के. छाननी शुल्क, अनामत. सर्वांत मोठा आकडा मात्र कामगार उपकराचा, बांधकामखर्चाच्या एक टक्का. १९९६ चा केंद्राचा कायदा आहे. दहा लाखांपर्यंतच्या स्वतःच्या घराला माफी, पण आजच्या सिमेंट-सळईच्या भावात दहा लाखांत घर कोणाचं होतं?

उपकराला माझी हरकत नाही. आमच्या गवंड्याला विचारलं, मंडळात नोंद आहे का? त्याची आहे, भांड्यांचा संच मिळालाय, मुलीला शिष्यवृत्ती मिळते. त्याच्या हाताखाली पाट्या उचलणारी त्याची बायको मात्र नोंदलेली नाही. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तिला तो कोणी लिहून देत नाही, कारण ती ‘त्याच्याबरोबर’ येते. आमच्या कामावर ती आली तर दिवस मी लिहून ठेवीन आणि ठेकेदाराला सही करायला लावीन. त्याला ते आजच सांगितलं. मान हलवली, कशी हलवली ते नीट कळलं नाही.

पैसे चलनाने भरले. पावत्या फाइलला लावल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नगरपरिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा ह्यांना वाटलं, आता निवडणूक होईपर्यंत काही मिळत नाही. तसा काही संबंध नसतो. कार्यालय अर्धं निवडणुकीच्या कामात होतं इतकंच. आज परवानगी आली, मुख्याधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीची. इंजिनिअर पेढे घेऊन आला आणि उरलेल्या फीचं बिलही.

अटी वाचल्या. जोतं झाल्यावर तपासणी करून दाखला घ्यायचा, त्याशिवाय वर चढायचं नाही. नकाशात बदल करायचा तर आधी सुधारित मंजुरी. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. हे शेवटचं आमच्या लेआउटमध्ये कोणी घेतल्याचं ऐकलेलं नाही. इंजिनिअरही त्या ओळीवरून भरभर पुढे गेला. मी पेन्सिलने खूण करून ठेवली आणि त्याला सांगितलं, बिलातला शेवटचा हप्ता त्या कागदावर.

परवानगीची मुदत एक वर्ष. ती वर्षावर्षाने वाढवून मिळते, पण वाढ एकूण तीन वर्षांच्या पलीकडे नाही. तेवढ्यात जोत्यापर्यंतही काम आलं नाही तर परवानगी संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून, त्या वेळी लागू असलेल्या नियमांनी.